शुक्राच्या दालनातली घाण

"शी! शी! इथे काय मेलंय का?" नाक चिमटीत धरून नाकाबाई किंचाळली.

"शुक्र आहे हा!" मामाने ऐटीत बाटली नाचवली. "तिथल्या ढगांत गंधकाचं आम्ल असतं. म्हणून सडक्या अंड्यांचा वास आणलाय. अस्सल!"

"ओकारी येतेय मला!"

विज्ञान केंद्रातली शुक्र आणि मंगळाची दालनं मामाने सजवली होती. सुट्टीत आलेली त्याची भाचरं, नाकाबाई आणि बोका, मदतीला होती. अर्ध्या तासात उद्घाटन! दालनाच्या मधल्या खोलगट भागात बालवाडीची पोरं बसणार होती, त्यांत बोक्याची धाकटी बहीण टिल्लीसुद्धा.

तेवढ्यात त्या खोलगट भागात भरलेल्या धुक्यातून बोका धापा टाकत वर आला. "डोकं ठणकतंय!"

"त्या घाणीने," मामा म्हणाला. "सवय होईल."

पण नाकाबाईला हे पटेना. घाणीने मळमळतं, धाप कशी लागेल? शिवाय शुष्क बर्फाचं धुकं मंगळाच्या दालनातही होतं, तिथे सगळे ठणठणीत!

"तिथे वादळासाठी पंखा चालू आहे!" ती ओरडली. "मामा, इथला पंखा?"

"बंद केलाय. घरघरीत माझं निवेदन ऐकू येत नव्हतं."

"अरे देवा! शुष्क बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड! शुक्रावर आणि मंगळावर हवेत मुख्यतः तोच असतो. त्याला वास नसतो, आणि तो जड असतो, खाली साचतो!"

"फार शहाणी झालीस!"

दिवे गेल्यावर लागणारी मेणबत्ती नाकाबाईने पेटवून डब्यात उभी केली, डब्याला दोरी बांधली आणि कठड्यावरून तो खाली सोडला. धुक्यात शिरताच ज्योत फडफडली आणि फट्‌दिशी विझली. बोक्याने पुन्हा पेटवून दिली. पुन्हा विझली!

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. "तिथे तर टिल्ली बसणार होती..." त्याने धावत जाऊन पंखा लावला, दारं सताड उघडली आणि बर्फाच्या पेट्या बाहेर ओढल्या.

"त्या बाटलीला बूच लाव आधी!" बोका कण्हला.

केंद्राच्या संचालकबाईंनी सगळं ऐकून मामाला चांगलंच फैलावर घेतलं. मग नाकाबाईच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आम्ही सगळे घाणीलाच नावं ठेवत बसलो होतो."

मेणबत्ती तळाशीही जळत राहिली, तेव्हाच पोरांना आत सोडलं. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला. पंख्याच्या घरघरीत मामा घसा फुटेस्तोवर ओरडत होता, कुणालाही एक अक्षर कळत नव्हतं, आणि खाली बसलेली टिल्ली खदखदून हसत होती.