दोन पायऱ्यांमधलं पाणी

नवरात्र उठलं की कांदळवाडीत कुणी कुणाकडे सरळ बघत नाही. जो तो आपापल्या पायरीवर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, खांद्याला टाकून उभा राहतो, तोंडानं देवाचं नाव घेतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारच्याच्या पायरीखालचं पाणी तपासतो. पाला मासा नदीत चढायची वेळ झालेली असते. आणि पाला आता पूर्वीसारखा वाट्टेल तिथे जात नाही, ज्याचा त्याच्याकडे येतो.

शेळण नदीतून पाला नाहीसा होऊन बरीच वर्षं लोटली होती. हा मासा वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो. वर धरण झालं, खाली वाळूचे ड्रेजर लागले, आणि त्यानं या नदीचं नाव टाकलं. मग खाडीच्या तोंडाशी मत्स्यसंशोधन केंद्र आलं आणि केंद्रात डॉ. नाझिया मुकादम आल्या. थंड देशांतला सॅमन शरद ऋतूत नेमका आपण जन्मलो त्याच ओढ्यात परतून येतो आणि ती वाट पाण्याच्या वासावरून ओळखतो, हे त्यांनी पहिल्याच सभेत वाडीला सांगितलं. आपल्या पाल्याचं नाक इतकं तिखट नव्हतं, ते त्यांनी प्रयोगशाळेत घडवलं. पिल्लं बोटाच्या पेराएवढी असतात तेव्हा थोडेच दिवस त्यांच्या मेंदूची कवाडं उघडी असतात. तेवढ्या दिवसांत त्यांना एका ठरावीक वासाच्या पाण्यात ठेवलं की तो वास आत कायमचा उमटतो. याला त्या वासठसा म्हणत. पुढे तो मासा समुद्र पालथा घालून त्या वासाकडे येतो. म्हणून प्रत्येक घराच्या पायरीशी काठीला एक गंधकुपी टांगलेली असायची आणि तिच्यातून त्या घराचा वास थेंब थेंब नदीत पडत राहायचा. पायरीखालच्या वाळूत पाल्यानं अंडी घातली की मगच पाग टाकायचा, आणि दुसऱ्याच्या पायरीखाली कधीच टाकायचा नाही, एवढे दोनच नियम.

वास ज्यानं त्यानं निवडायचा होता. कुणी सुरंगीची फुलं दिली, कुणी सोलं दिली. बाबल्या धुरीनं विड्यांचं बंडल नेऊन दिलं आणि त्याचेही मासे वेळेवर आले. ते खोकत येतात असं लोक म्हणायचे. दर्शना कुबलनं मूठभर तिरफळं दिली होती. मासा शेवटी आमटीतच पडायचा आहे, तर आत्तापासूनच सवय असू दे, असा तिचा रोकडा हिशेब. तिच्या पायरीखाली पाला येत नव्हता असं नाही. चांगला येई. पण शेजारी तिच्या थोरल्या जावेच्या, सुचिताच्या पायरीखाली पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसायचं.

दोघींच्या घरांमध्ये एक चिव्याच्या बांबूंचं कुंपण. दोघींचे नवरे एकाच ट्रॉलरवर, महिन्यातले चार दिवस घरी. खारे बांगडे दोघी मिळून वाळवत, एकीचं जाळं फाटलं तर दुसरी तुणायला बसे. वाडीत कुणालाही विचारा, कुबलांच्या जावांसारख्या जावा नाहीत असंच सांगतील. ज्याचं जळतं त्याला कळतं.

दर्शनाला डाचत होते ते मासे नव्हतेच. तिला डाचत होता तिचा मुलगा. साईश तीन महिन्यांचा होता तेव्हा तिला क्षय झाला, साध्या औषधांना दाद न देणारा. दीड वर्ष ती लांबच्या इस्पितळात होती. पोर सुचितानं वाढवलं; तिला स्वतःचं मूल नव्हतं. दर्शना बरी होऊन परत आली, तिनं हात पुढे केले, आणि साईशनं तिच्याकडे एकदा बघून सुचिताच्या खांद्यात तोंड खुपसलं. ते तोंड तिला अजून दिसायचं. आता तो मालवाहू जहाजावर इंजिनात काम करत होता, दिवाळीला घरी यायचा. सडकेवरून उतरलेली पाणंद फणसाच्या झाडापाशी फुटते, डावीकडे दर्शनाचं घर, उजवीकडे सुचिताचं. दर वर्षी त्याचे पाय उजवीकडे वळायचे. तासाभरानं आईकडे येऊन तो वाकून नमस्कार करायचा, तेव्हा तोंडाला काकीकडच्या तळलेल्या सुरमईच्या गाबोळीचा वास असायचा.

"कित्याक रे आधी थंय जातंस?" तिनं एकदा हसत हसत विचारलं होतं.

"काय म्हायत आये. पायच वळतत."

सुचिता वाईट असती तर दर्शनाचं निम्मं दुखणं तरी हलकं झालं असतं. पण ती साईशला स्वतःच हाकलायची, "जा रे, आवस वाट बघता तुझी," म्हणायची, आणि तिच्या या चांगुलपणानंच दर्शनाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपलंच पोर आपल्याला कुणीतरी ताटात वाढून द्यावं आणि वर आपण आभार मानावेत!

यंदा सुचिताचा गुडघा धरला होता. "दर्शना, माझी कुपी तेवढी बदल गो. माझ्यान पायरे उतराक होनत नाय," ती म्हणाली. दर्शना दोघींच्या कुप्या भरून आणायला केंद्रात गेली.

डॉ. मुकादमांनी सुचिताची कुपी काढून दिली. "ही जपून न्या. अर्क दाट आहे. गंमत सांगू? हिच्यासारखा ठसा दुसऱ्या कुठल्याच वासाचा उमटला नाही."

"असां काय दिल्यान तिना?"

"तुम्हाला ठाऊक नाही? वाकळ दिली होती, तान्ह्या बाळाची. दूध, खोबरेल, चुलीचा धूर, सगळं मुरलेलं होतं तिच्यात. मी म्हटलं, एवढी जपलेली वस्तू कशाला देता? तर म्हणाल्या, मासे तरी हिच्या वासानं घरी येतील."

दर्शनाचा हात कुपीवर घट्ट झाला. ती वाकळ तिनं शिवली होती. पोट पुढे आलेलं असताना, आपल्याच जुन्या साड्यांची. ती इस्पितळातून आली तेव्हा वाकळ फाटली, टाकली असं सांगितलं गेलं होतं.

"डॉक्टर," तिनं विचारलं, "माणसाच्या पोरांचां पण असांच असता?"

डॉक्टर हसल्या. "माणूस मासा नाही, दर्शनाताई. माणसाला आठवण असते, विचार असतो." मग, शास्त्राला धरून, त्या म्हणाल्या, "पण तान्ह्या बाळाला नजर स्थिर व्हायच्या आधी वास कळतो, हेही खरं. जी जवळ घेते तिचा. मोठेपणी त्याचं काय होतं ते अजून कुणी नीट मोजलेलं नाही."

दर्शनानं आपल्याला हवं तेवढंच कानात घेतलं.

वाटेत कांदळाच्या सावलीत बसून तिनं सुचिताच्या कुपीचं बूच काढलं. पाण्यात पडल्यावर हा वास माणसाला कळत नाही, पण दाट अर्काला नाक लावलं तर कळतो. तिनं दीर्घ श्वास घेतला. काहीतरी कोमट, आंबूस, धुरकट होतं. तिनं पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. तिच्या स्वतःच्या बाळाचा वास होता तो, आणि तिला तो ओळखू येईना. तिथेच बसून ती रडली. मग डोळे पुसून तिनं आपली तिरफळांची कुपी चिखलात ओतली, सुचिताची निम्मी तिच्यात घेतली आणि सुचिताची पाण्यानं भरून पुरी केली. बुचाला लागलेले चार थेंब रुमालावर घेऊन घरी आल्यावर तिनं दाराची चौकट, ओटीवरचा खांब आणि साईशची उशी पुसली. माझं होतं तेच मी परत आणलं, असं ती मनाशी म्हणाली. चोरी करणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.

पाला आला. भरतीला तो दर्शनाच्या पायरीकडे झेपावायचा. पाणी फिरलं, ओहोटी लागली की दुसऱ्या कुपीचा वास जोर करायचा आणि तो तसाच वळून सुचिताच्या पायरीकडे निघायचा. तिथे अंडी घालायच्या आत पुन्हा पाणी फिरायचं. दोन पायऱ्यांच्या मध्ये चंदेरी भोवरा झाला. मासे ना इकडे टेकत, ना तिकडे. दर्शनाचे तिरफळांचे मासे तर तिच्या पायरीवरून तसेच वर निघून गेले, त्यांना बोलावणारं आता कुणी नव्हतं.

"औंदा मासो बिचाकलो," सुचिता पायरीच्या वरच्या टप्प्यावर बसून म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती.

डॉ. मुकादम होडी घेऊन आल्या. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. "दोन्हीकडून एकच घर हाक मारतंय असं वागतायत हे. असेच फिरत राहिले तर थकतील. अंडी पोटातच विरतील, मग समुद्रात परत जातील आणि या नदीत पुन्हा येणार नाहीत. कुप्या कुणी बदलल्या?"

"माझी दर्शनान बदलल्यान," सुचिता म्हणाली. "तिच्या हातसून चूक होवची नाय."

दर्शनानं खाली बघितलं. आता सांगावं असं तिला क्षणभर वाटलं. पण साईश परवा येणार होता. तो येऊन जाऊ दे, मग कुपी काढीन, तिनं ठरवलं. मासे काय, पुढच्या वर्षी नवी पिल्लं सोडता येतील.

साईश आला तो दिवस कोरडा, वाऱ्याचा होता. नदीवरून वारा पाणंदीकडे वाहत होता. दर्शना तुळशीपाशी काहीबाही करत उभी होती. कुंपणापलीकडे सुचिता ओटीवर बसली होती, शेजारी झाकलेलं ताट. गाबोळी तळल्याचा वास दोन्ही अंगणांत पसरला होता.

साईश पाठीवर बॅग घेऊन खाली उतरला. फणसापाशी आला आणि थांबला. आजपर्यंत तो तिथे कधी थांबला नव्हता. त्यानं मान जरा वर केली, एकदा उजवीकडे बघितलं, मग डावीकडे. दर्शनाच्या हातातली फुलं खाली पडली. आणि तो डावीकडे वळला.

तो सरळ आला, चपला तिच्या दारात काढल्या आणि ओटीवर खांबाला टेकून बसला. तिनं पाणी आणलं, ते घटाघटा प्यायला. मग त्यानं लहान मुलासारखं डोकं तिच्या मांडीवर टाकलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

"आये," तो म्हणाला, "आज खरां घराक इल्यासारख्यां वाटता."

दर्शना नुसती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. इतकी सुखी ती लग्नातही नव्हती. कुंपणापलीकडे तिनं मुद्दाम बघितलं, बघायचंच होतं तिला. सुचिता ताटावरचं झाकण नीट करत होती. तिनं हाक मारली नाही. जरा वेळानं ताट उचलून आत नेलं, परत आली, आणि रिकाम्या हातांनी तिथेच बसली.

साईशला झोप लागली. प्रवासाचा शीण होता. दर्शनानं अलगद त्याचं डोकं त्या उशीवर ठेवलं आणि ती शेजारी बसून राहिली. त्यानं उशीत तोंड खुपसलं. अगदी तसंच. मग झोपेतच, न डोळे उघडता, त्यानं हात पुढे केला.

"काकी," तो म्हणाला, "वायच पाणी दी गो."

दोघी एकदम उठल्या. दर्शनाचा हात तांब्यावर गेला. सुचिता लंगडत कुंपणापर्यंत आली होती. तिथे ती थबकली. वारा फिरला होता, आता दर्शनाच्या ओटीवरून तिच्याकडे येत होता. तिनं नाक वर केलं. तिला ओळखायला तीनदा श्वास घ्यावा लागला नाही.

"वाकळ," ती पुटपुटली.

तिनं दर्शनाकडे बघितलं, मग खाली नदीकडे, जिथे मासे अजून गोल गोल फिरत होते. ती रागावेल म्हणून दर्शना वाट बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मीच तुका देवक् व्हयी हुती ती," सुचिता म्हणाली. "तेव्हा जीव झालो नाय माझो." आणि मग, हलक्या आवाजात, "पाणी दी ताका आधी. तानलो हा तो."

दर्शना तांब्या घेऊन वाकली. साईशचा हात पुढे आलेला होता, डोळे मिटलेले होते, चेहरा शांत होता. तो पाणी पिणार होता, यात शंका नव्हती. पण कुणाच्या हातचं?