पलीकडूनही तेच नाव

वर्षाचा शेवटचा दिवस होता. दुपार कलल्यावर केइकेने कढईत मनुका घातलेल्या पिठाचे गोळे सोडायला सुरुवात केली. उत्तर समुद्रातल्या आमरूम बेटावर या संध्याकाळी सोंगे येतात आणि घरात तळण नसेल तर वर्षभर ऐकवतात. मागच्या वर्षी पीठ तिच्या नवऱ्याने, निकल्सने फेटले होते. यंदा तिने फेटले. गोळे तेवढेच फुगले.

बाहेर धुके होते. चर्चचा मनोरा सकाळपासून दिसला नव्हता.

"वहिनी, पाद्रीबाबांना काय सांगू?" साखर चाळता चाळता मारेटने विचारले. ती निकल्सची धाकटी बहीण. "पाथरवट पुढच्या आठवड्यात येतोय. पुन्हा उन्हाळ्यापर्यंत यायचा नाही."

"अजून नको," केइके म्हणाली. म्हणाली म्हणजे ओठ हलवून श्वास सोडला. तिचा आवाज ऑक्टोबरात गेला तो परत आला नव्हता. डॉक्टरांनी दोनदा तपासले. घशात काहीच नव्हते.

निकल्स ओहोटीच्या वेळी लोकांना चिखलावरून चालत पलीकडच्या फ्योर बेटावर न्यायचा. ऑक्टोबरात तो एकटाच गेला होता, ओहोळाने वाट बदलली का ते पाहायला. तेव्हा धुके उतरले. अशा वेळी घरच्या माणसाने काठावर उभे राहून नावाने हाका मारायच्या, चालणारा त्या आवाजाच्या रोखाने परत येतो, ही इथली रीत. केइके भरती येईपर्यंत हाका मारत राहिली. "निकल्स, इकडं." भरती आली, तो आला नाही. प्रेत सापडले नाही, बूटही नाही.

एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी तिच्या हाका समुद्राकडून परत येत होत्या. त्या चिखलावर कडा नाही, भिंत नाही, तिथे प्रतिध्वनी उमटत नाही. आणि काही हाका तिने मारण्याआधी आल्या होत्या.

मारेटला भावाचे नाव वडिलांच्या थडग्यावर हवे होते. केइकेचे म्हणणे एवढेच होते की एकदा दगडावर कोरलेल्या नावाला कुणी हाक मारत नाही.

"चहा गार होतोय, मास्तर," मारेट म्हणाली. "की पाटीचा राग अजून चहावरच काढताय?"

हार्क मास्तर खिडकीशी बसले होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली, तरी ही संध्याकाळ ते याच घरात काढत. यंदा बोटीच्या धक्क्यावर 'अंब्रोनांचे बेट' अशी पाटी लावायचे घाटत होते आणि त्यावरून मास्तरांनी गावसभेत भांडण केले होते.

"राग नाही. पुरावा नाही," मास्तर म्हणाले. "अंब्रोन नावाचे लोक होते, दोन हजार वर्षांपूर्वी. समुद्राने जमीन गिळली म्हणून बायकामुलं घेऊन दक्षिणेला गेले. नाव आपल्या बेटाशी जुळतं म्हणून काही जण म्हणतात, इथलेच. जुळतं, एवढंच."

"मग झालं काय त्यांचं?"

"रोमनांनी एका नदीकाठी कापून काढले. माणसं संपली, नाव उरलं. पुढं रोममध्ये अधाशी, उडाणटप्पू माणसाला अंब्रोन म्हणायचे."

"म्हणजे आमच्या ह्यांना," मारेट म्हणाली. "पाटी माझ्याच दारावर लावा."

मास्तर हसले नाहीत. कपातली खडीसाखर ढवळत राहिले. "एक गोष्ट मात्र विचित्र आहे. लढाईला येताना ते दुसरं काही ओरडत नव्हते. ढालींचा ठेका धरून फक्त स्वतःचं नाव. अंब्रोन, अंब्रोन. समोर रोमनांकडून लढणारे डोंगरी लोक होते, लिगुरी. त्यांनी ते ऐकलं आणि तेच नाव उलट ओरडायला लागले. म्हणे, हे तर आमच्या पूर्वजांचं नाव. दोन्हीकडून एकच हाक."

"मग त्या धुरळ्यात आपलं कोण, हे कळायचं कसं?"

"ते कुणी लिहून ठेवलेलं नाही."

केइकेच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. तेल ठिबकत होते.

दिवेलागणीला सोंगे आली. आधी पत्र्याच्या झाकणांचा ठेका ऐकू आला, मग घोगरे आवाज: "अंब्रोन! अंब्रोन!"

"मास्तर, तुमच्या पाटीवरचे पूर्वज आले. मोरीत लपा," मारेट म्हणाली आणि दार उघडायला गेली.

अंगात गोणपाट, तोंडावर फडकी, हनुवटीला समुद्री शेवाळाच्या दाढ्या, हातात भांड्यांची झाकणे. सोंगाने आवाज बदलायचा, घरच्यांनी नाव ओळखायचे. ओळखले की फडके काढून शहाजिऱ्याच्या दारूचा पेला. न ओळखलेल्या सोंगाला घालवायचे नसते.

"हा ढेरपोट्या अंब्रोन म्हणजे बेकरीवाला ब्रार," मारेट म्हणाली. "दाढी लावून पोट झाकत नाही, बाबा."

ब्रारने फडके काढले. "दोन महिने झाले, पाव सोडलाय."

"पाव सोडलास, लोणी?"

बोटीवर तिकिटे फाडणारा रोर्ड बुटांवरून ओळखला गेला. तिसरी टपालवाली इंगके, ती हसू दाबू शकली नाही.

चौथे सोंग उंबऱ्याच्या आत उभे होते.

त्याचे गोणपाट गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. हातातले झाकण ते सावकाश वाजवत होते, बाकीच्यांचे थांबल्यावरही.

"हा कोण ते सांगायला नको," मारेट म्हणाली. "इंगके, तुझा नवरा. तोनिस!"

झाकण एकदा वाजले. नाही.

"तोनिस घरी घोरतोय," इंगके म्हणाली. "उद्या पहाटे वाटेवरचे खुंट तपासायला जायचंय त्याला." निकल्सच्या मागे चिखलावरच्या वाटेचे काम आता तोनिसकडे होते.

"मग यान. नाही? वोगन? चक्कीवरचा पाउल?"

दर नावाला एक ठोका. ते मान तिरकी करून ऐकत होते.

"तुमच्यातलाच ना हा?" मास्तरांनी विचारले.

रोर्डने पेला खाली ठेवला. "आम्ही तिघंच निघालो. हा पवनचक्कीपाशी मागून आला. वाटलं, कुणाला उशीर झाला असेल."

कढईत तेल कडकडत होते.

केइके त्याच्या पायांकडे पाहत होती. डावे पाऊल किंचित बाहेर वळलेले, भार मागच्या पायावर. पुढची जमीन धरते की नाही, हे पाहणाऱ्याचे उभे राहणे. निकल्स कोरड्या फरशीवरही तसाच उभा राहायचा.

मारेटलाही ते दिसले. तिच्या हातातली चाळण टेबलाला टेकली.

"वहिनी," ती हळू म्हणाली. "तूच घे नाव."

केइकेला भीती वाटली नाही. आनंदही झाला नाही. ती दोन पावले पुढे गेली आणि तोंड उघडले.

नुसता श्वास आला.

त्याच क्षणी बाहेरून, समुद्राच्या बाजूने हाक आली.

"निकल्स!"

स्वच्छ, भरलेला आवाज. खोलीतल्या प्रत्येकाने तो वीस वर्षे चर्चच्या गाण्यात ऐकला होता. सगळ्यांनी केइकेकडे पाहिले. तिचे ओठ मिटलेले होते.

सोंगाने मान वळवली. ते दाराबाहेर पडले.

केइके उंबऱ्यापर्यंत धावली. छातीत होते नव्हते तेवढे गोळा करून तिने हाक मारली. कागद फाटावा तसे काहीतरी बाहेर आले.

ते अंगणात थांबले.

"निकल्स, इकडं," समुद्राकडून तिचा आवाज म्हणाला.

ते दोन्ही हाकांच्या मध्ये उभे राहिले. केइकेने पुन्हा ओठ हलवले.

मग ते समुद्राकडे चालू लागले. धुक्याने आधी पाय घेतले, मग बाकीचे.

आत गोळे करपल्याचा वास पसरला होता. केइकेने कढई उतरवली. "पाथरवटाला येऊ दे," ती मारेटला म्हणाली. मारेटला ते दोनदा विचारावे लागले.

दगडावर नाव चढले. पाथरवटाने काम नीट केले. केइके दर रविवारी तिथे जाई, बर्फ झाडून येई. तिला काही वाटत नसे. मारेट पुष्कळ रडली.

जानेवारीच्या अखेरीस भर दुपारी पुन्हा धुके उतरले. तोनिस चिखलावर होता. इंगके काठावर हाका मारत होती आणि सोबत म्हणून केइके तिच्याशेजारी उभी होती.

"तोनिस!" इंगकेने हाक मारली. "तोनिस, इकडं!"

दूरवर बुटांचा चपचप आवाज येत होता. तो त्यांच्या बाजूला वळला होता.

"तोनिस, इकडं," समुद्राकडून त्याच स्वच्छ, भरलेल्या आवाजात हाक आली.

बूट थांबले.

इंगकेने वळून केइकेच्या तोंडाकडे पाहिले. केइकेने दोन्ही हात ओठांवर गच्च धरले होते.

"यान," तो आवाज पुढे म्हणाला. "वोगन. पाउल."