माझ्या जागेवरचा माणूस

आमची कंपनी माणसं पुरवते. पगार तिचा, खुर्ची दुसऱ्याची. क्लायंटच्या ऑफिसात माझ्या गळ्यात पाहुण्याचं कार्ड असायचं. तिथला वाढदिवसाचा केक आम्हा बाहेरच्यांपर्यंत येईतो खाली पुठ्ठाच उरायचा. तक्रार नव्हती. घर त्यावर चालत होतं आणि बायकोचे दिवस भरत आले होते.

सुट्टी मागितली तेव्हा आमचे मॅनेजर म्हणाले, "घे की. फक्त जागा रिकामी दिसता कामा नये."

म्हणून मला बॅकअप मिळाला. कंपनीची ही जुनी पद्धत. आपण घरून काम करतोय असं क्लायंटला सांगायचं, आणि त्याने आपल्या लॉगिनवरून, आपल्याच नावाने, कॅमेरा बंद ठेवून बसायचं. क्लायंटला पत्ता लागू द्यायचा नाही.

त्याआधी हँडओव्हर. रिकाम्या मीटिंग रूममध्ये मी लॅपटॉपसमोर बोलायचो, रेकॉर्डिंग त्याच्याकडे जायचं. "काही गाळू नकोस," असं मॅनेजरांनी बजावलं होतं. कामाचं संपल्यावरही मी बोलत राहिलो. बायकोची कंबर नेमकी कुठे दुखते, मुलगी झाली तर मनात कुठलं नाव आहे. का सांगितलं, माहीत नाही. कोणीतरी ऐकत होतं, तेवढं पुरलं.

तपासणीच्या दिवशी मी बायकोबरोबर जायचो, तो माझ्या जागी बसायचा. काम चोख. आभार मानले की चॅटवर ठरलेलं उत्तर यायचं: "काळजी नको. मी आहे ना."

"काल कॉलवर फार खोकत होतास," एकदा क्लायंटकडच्या बाई म्हणाल्या. "बरं आहे ना आता?"

काल कॉलवर तो होता. मला खोकला त्या सकाळी सुरू झाला होता.

मी मॅनेजरांना म्हटलं, त्याला एकदा चहा पाजायचाय.

"कुठे बसतो कोण जाणे. मीही पाहिलेला नाही. काम होतंय ना? मग लग्नाला बोलावल्यासारखा आग्रह कशाला?"

सासूबाईंचा फोन आला त्याच सकाळी क्लायंटची सिस्टीम कोसळली. कळा सुरू झाल्या होत्या. मी बॅकअपला कळवलं. चॅटवर लगेच उत्तर आलं, "मी आहे ना." पण कॉलवर तो आलाच नाही. असं पहिल्यांदाच झालं.

"आत्ता उठलास तर नोकरी गेली समज," मॅनेजर फोनवर म्हणाले.

मी बसून राहिलो.

दुपारी सुटलो. हॉस्पिटलचा जिना चढताना माफीची वाक्यं जुळवत होतो.

बायको हसत होती. "घे हिला. मला वाटलं होतं, तुला सोडणारच नाहीत. पण एकदाही हात सोडला नाहीस माझा. कंबरही बरोबर तिथेच दाबलीस."

मी मुलीला घेतलं. ती रडायला लागली.

"आणि नाव तू सुचवलंस तेच ठेवू या."

तिने ते उच्चारलं. मी ते फक्त त्या रिकाम्या खोलीत बोललो होतो.

"पाणी आणलंस ना?" तिने विचारलं.

बाहेर पॅसेजमध्ये सासूबाई कोणाशी तरी बोलत होत्या. "दमलात हो जावईबापू. द्या ती बाटली इकडे. सकाळपासून टेकला नाहीत."

मला भीती वाटायला हवी होती. पण बायकोचा चेहरा किती निवांत होता. मी बंद दाराकडे वळून म्हणालो, "थँक यू." मनापासून म्हणालो.

दार उघडलं नाही.

पलीकडे कोणीतरी जरासं खोकलं. मग माझ्याच आवाजात म्हणालं, "काळजी नको. मी आहे ना."

मुलगी रडायची थांबली.