ठिपका काय म्हणतो?

औषधाच्या दुकानासमोर गाडी उभी, गाडीत इन्शुलिन भरलेलं, आणि तरी ते मिळत नाही! हे कोडं ऋजुताला काही केल्या सुटेना.

"औषध तापलं आहे. खराब झालं आहे. दार उघडणार नाही," विनाचालक गाडी एकच पालुपद घोकत होती. सकाळपासून गावातल्या औषधाच्या सगळ्याच गाड्यांनी हाच हेका धरला होता.

ऋजुताचा धाकटा भाऊ ईशान याच्या शरीरात इन्शुलिन (रक्तातली साखर पेशींमध्ये शिरू देणारं द्रव्य) तयार होत नसे. ते टोचून घ्यावं लागे. घरातलं सकाळीच संपलं होतं आणि रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा हवं होतं.

तेवढ्यात शर्वरीआत्या धापा टाकत आली. औषध कंपनीची पुरवठा साखळी (कारखान्यापासून दुकानापर्यंत माल पोचवणारे सगळे दुवे) तीच सांभाळायची. "संगणकात घुसणाऱ्या चोरांचं काम आहे हे," ती म्हणाली.

"आत्या, तुमच्या संगणकांवर एवढा पहारा. मग चोर शिरले कुठून?"

"आमच्या दारातून नाहीच शिरले. गाडीतले तापमापक एक छोटी कंपनी बनवते, तिच्या संगणकात घुसले. ती आपलीच म्हणून तिचे आकडे आम्ही डोळे झाकून घेत होतो. आता ते आकडेच भरवशाचे राहिले नाहीत, आणि ही बिचारी गाडी ते खरे मानतेय."

"म्हणजे औषध चांगलं आहे?"

"ते मलाही ठाऊक नाही गं. चोरांनी गाडीतलं थंड करणारं यंत्रही बंद केलं असेल तर?"

आत्याने पर्समधून लोखंडी किल्ली काढली. दर महिन्याला तिच्या कंपनीत 'आंधळी कोशिंबीर' चाले. संगणक बंद ठेवून सगळं हाताने करायचं. मोठी माणसं किल्लीने दार उघडायचा सराव करतात म्हणून ऋजुता खो खो हसली होती. आज तिला हसू येईना.

दार उघडलं. आत्याने एक खोकं पुढे केलं.

"यावरचा ठिपका कुठल्याच संगणकाशी बोलत नाही. औषध तापलं की ठिपक्यातलं रसायन जांभळं होतं. तूच बघ, माझ्याच्याने बघवत नाही."

ऋजुताने श्वास रोखून पाहिलं. ठिपका पांढराशुभ्र होता! दुसऱ्या खोक्यावरचाही पांढरा. ती फुटपाथवरच बसली आणि चक्क रडली.

"चोर पुन्हा येतील?" तिने डोळे पुसत विचारलं.

"येतील की. कुठला ना कुठला दुवा कच्चा निघणारच. पण तो तुटला तरी औषध पोचलं पाहिजे. त्यासाठी दुसरा साक्षीदार हवा, दुसरी वाट हवी आणि हाताला सवय हवी. यालाच लवचीकता (धक्का सोसूनही काम चालू ठेवण्याची ताकद) म्हणतात."

त्या रात्री ईशानने नेहमीसारखी कुरकुर करत सुई टोचून घेतली.

पुढच्या आंधळ्या कोशिंबिरीला ऋजुता हट्टाने गेली. तिथे तीच गाडी उभी होती, नव्याने शिकवलेली.

"तापमान जास्त दिसतंय," ती म्हणाली. आणि लगेच पुढे बोलली, "पण एकट्या माझ्यावर विसंबू नका. कुणीतरी ठिपका बघा."

किल्ली ऋजुताच्या हातात तयारच होती.