शंभरावा सरडा

माझ्या टेबलावर सरडा पडला आणि पुढच्या क्षणी मी खुर्चीवर उभी होते. मध्ये काय झालं, ते मला आजही आठवत नाही.

"घाबरू नका हो, चावत नाही तो." दारात एक उंच माणूस उभा होता. हातात कापडी पिशवी, तिची गाठ सुटलेली. त्याने सरड्याला अलगद मुठीत घेतलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच ना त्या... सरड्यांचं रक्त तपासणाऱ्या?"

"रक्त वेगळं, सरडा वेगळा."

"म्हणजे उंटावरून सरडे हाकता!"

हा माणूस आपल्याला आवडणार नाही, हे मी खुर्चीवरून उतरता उतरताच ठरवून टाकलं. माझे असले निर्णय फार टिकत नाहीत.

सरड्यांना आणि सापांनाही हिवताप होतो. माणसांना होतो तो नव्हे, त्यांचा त्यांचा वेगळा. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना त्या तापाच्या जंतूंसाठी चाळीस साप आणि शंभर सरडे तपासायचे होते. साप झाले होते, आता सरडे. हा सर्पमित्र ते पकडणार, शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन काचेवर पसरणार आणि प्राण्याला होता तिथे सोडून देणार. मी ती काच रंगवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणार. इतकं सरळ काम होतं.

"पाठीवर ठिपका द्यावा लागतो," तो म्हणाला. "पुन्हा पकडला तर ओळखू यावा म्हणून. नेलपॉलिश चांगली टिकते." मग माझ्या नखांकडे पाहत, जरा थांबून, "...हा लाल छान आहे."

दुसऱ्या दिवशी मी बाटली देऊन टाकली. माझ्या नखांचा रंग पाठीवर मिरवत सरडे कुंपणाकुंपणावर डोलायला लागले.

तो एक दिवसाआड यायचा. त्या दिवशी मी सकाळपासून पेशी मोजायचे, ऐंशीपर्यंत यायचे, फाटकाजवळ मोटरसायकल वाजायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात! तो येत नसे त्या दिवशी तर आणखी वाईट. खिडकी उघड, खिडकी लाव, नको असलेलं पाणी पी.

"पायाला भिंगरी लागलीय का गं तुझ्या?" वहिनीने जेवताना विचारलं. "आणि नखं का उघडी?"

"बाटली हरवली."

"कुणाकडे?" वहिनी म्हणाली. मी ताटाकडे पाहत बसले.

पन्नासाव्या सरड्यानंतर मात्र त्याच्या काचा बिघडू लागल्या. रक्ताचा थर जाड, पेशींवर पेशी चढलेल्या, त्यात जंतू दिसणार तरी कसा? मी चिठ्ठीवर लिहायचे, 'नमुना खराब, पुन्हा आणा.' तो दुसऱ्याच दिवशी हजर.

"एक दिवसाआड यायचं ना?" मी विचारायचे.

"काय करणार, सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि माझी तुमच्या टेबलापर्यंत."

मी खोटं रागावायचे. मग एकदा सात काचा एकदम वाईट आल्या. जुन्या काचा काढून पाहिल्या. जिभेसारख्या निमुळत्या, पातळ, देखण्या. असा हात आपोआप बिघडत नाही.

"मुद्दाम करता?" मी विचारलं.

त्याने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "पहिली चुकून बिघडली. तुम्ही 'पुन्हा आणा' लिहिलंत... आणि मला वाटलं, बरं झालं."

मला आनंद झाला, अगदी छाती भरून. आणि त्याच क्षणी तो जळून गेला. "म्हणजे माझ्यासाठी त्या मुक्या जिवांना दोन-दोनदा सुई टोचलीत?"

त्याचा चेहरा उतरला. तो पिशवी उचलून निघून गेला.

पुढे बारा दिवस काचा शिपाईकाकांच्या हातून आल्या. एकूण एक सुरेख. नव्वद, पंचाण्णव, अठ्ठ्याण्णव... शंभर झाले की याचं इथलं काम संपणार. मला अन्न गोड लागेना. आपण बरोबर होतो, हे माहीत असूनही माणसाची इतकी घालमेल का व्हावी?

मग शंभरावी काच आली. सोबत माझी नेलपॉलिशची बाटली, तळाशी बोटभर उरलेली. परत केली म्हणजे संपलंच. काच उचलली, तर तिच्या खरखरीत टोकावर, आकड्याखाली, पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: 'आता कारण नाही. येऊ?'

"काका, हे आणून देणारा कुठे आहे?"

"बसलाय की कुंपणापाशी, सकाळपासून!"

उठले, बसले, पुन्हा उठले. पण काच तपासल्याशिवाय जाणं माझ्याच्याने होईना. रंगवली, वाळवली, पाहिली. एक तास! आणि चक्क जंतू सापडला, पेशीच्या कडेला, इवल्या अंगठीसारखा. मग मात्र मी पळत सुटले.

तो मला पाहून उभा राहिला. "त्या सरड्यांचं... मी चुकलोच. पुन्हा नाही होणार."

"शंभराव्याला ताप आहे," मी धापा टाकत म्हणाले.

"अरेरे. बरा होईल?"

"बहुतेक नाही. एकदा लागला की जन्मभर राहतो. पण त्याचं काही अडत नाही. उन्हात बसतो, मान डोलावतो, मजेत असतो."

तो हळूच हसला. "ओळखीचं वाटतंय."

मी बाटलीचं झाकण उघडलं. "हात पुढे कर."

इतक्या दिवसांचं 'तुम्ही' कुठे गेलं, कुणास ठाऊक. त्याने हात पुढे केला. मी मनगटावर एक लाल ठिपका दिला आणि वाळेपर्यंत हात धरून ठेवला.

"हे कशाला?"

"पुन्हा पकडला तर ओळखू यावा म्हणून."