खालची कडी

“वन्सं तुमच्या लग्नाच्या दिवशीच गेल्या, हे तिला कळता कामा नये,” सासूबाई स्वयंपाकघरात मुलाला हळूच सांगत होत्या. “आणि एकदा रंग लागला ना, की घरालाही काही आठवत नाही.”

दाराआड रिकामे कप घेऊन उभी असलेली नवी सून दोन पावलं मागे सरली आणि मुद्दाम कप खुळखुळवत आत आली. लग्नाला दोन महिने होत होते. तेवढ्यात तिला सासरची एक गोष्ट पक्की कळली होती: गप्प बसणाऱ्याला इथे सगळं फुकटात ऐकायला मिळतं.

हे घर म्हणजे दोन चौकांपलीकडचा फ्लॅट. तो सासऱ्यांनी गुंतवणूक म्हणून घेतला होता. राहायला मात्र आली त्यांची थोरली बहीण, नवऱ्याची आत्या. गुडघे गेल्यावर शेवटची सहा वर्षं ती बसूनच घरभर सरकायची. आजारपणात गेली, एवढंच सुनेला सांगितलेलं. आता घर भाड्याने द्यायचं होतं. शनिवारी भाडेकरू बघायला येणार, तोवर रंग, सुतारकाम आणि करारनाम्याला जोडायची सामानाची यादी. अक्षर बरं म्हणून यादी सुनेच्या गळ्यात पडली.

ती आत शिरली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि तिला हसूच आलं. सगळं घर खाली उतरलेलं! आरसा कमरेच्या खाली, खुंट्या गुडघ्याशी, आणि बाहेरच्या दाराची आतली कडी तर जमिनीपासून जेमतेम हातभर. ती नकळत फरशीवर बसली. बसल्याबरोबर घर मापात आलं. लहानपणी बाबांनी तिच्या दप्तरासाठी अशीच एक बुटकी खुंटी ठोकून दिली होती. ते शाळेतून धावत येणं, दप्तर अडकवणं, गार फरशीवर पोट टेकून पडणं... किती वर्षांत या उंचीवरून खोली पाहिलीच नव्हती.

“उठा वहिनी,” सुतार म्हणाला. “हे बुटक्यांचं राज्य आज खालसा करायचंय.”

संध्याकाळपर्यंत त्याने आरसा वर नेला, खुंट्या वर नेल्या. खालची कडी काढून पिशवीत टाकली, भोकं लांबी भरून बुजवली आणि नवी कडी खांद्याच्या उंचीवर बसवली. सून लिहीत गेली. आरसा एक, खुंट्या सहा, कडी एक. एकेका ओळीबरोबर तिचं लहानपणही कुणीतरी हात पोचणार नाही अशा जागी उचलून ठेवत होतं.

दुसऱ्या दिवशी दार उघडेना. कुलपात किल्ली फिरत होती. ढकललं की दाराचा वरचा भाग हलायचा, खालचा कोपरा मात्र घट्ट.

“लाकूड फुगलंय,” सुतार म्हणाला.

“एवढ्या उन्हात?” नवऱ्याने विचारलं.

“मग तुम्हीच सांगा काय झालंय ते!” सुतार चिडून रंधा आणायला खाली गेला. नवरा फोनवर बोलत त्याच्यामागून जिना उतरला.

ती उंबऱ्यापाशी बसली, लाकडाला कान लावला. पलीकडे, बरोबर तिच्या कानाच्या उंचीवर, कुणीतरी श्वास घेत होतं... दुरून सरकत आल्यावर लागते तशी धाप...

“आत्या...” ती पुटपुटली. “मी आहे. नवी सून.”

फरशीवर कापड घासल्याचा आवाज झाला. मग कडी सरकली. दार वीतभर उघडलं.

आत कुणीच नव्हतं. लांबी भरलेली भोकं तशीच, गुळगुळीत. ती झटकन मागे सरली. तरी मनात आलं ते भलतंच: लग्न होऊन आल्यापासून आपल्यासाठी दाराशी कुणी बसून राहिलेलं, ही पहिलीच वेळ.

नवरा वर आल्यावर तिने एवढंच विचारलं, “आत्या कशा होत्या हो?”

“लग्नाला न्यायचं होतं तिला. चार मजले उतरवायचे, घाई झाली, राहूनच गेलं. म्हटलं, सुनेला घेऊन येतो. तर म्हणाली, मी दाराशीच बसते...” त्याने मान खाली घातली. “दाराशीच सापडली.”

शनिवारी सगळे जमले: सासूबाई, नवरा, एजंट, भाडेकरू नवरा-बायको. रंगाने घर लखलखत होतं.

“छान हवेशीर आहे,” भाडेकरूबाई म्हणाल्या. “आधी कोण राहायचं?”

“कुणी नाही हो,” सासूबाई चटकन म्हणाल्या. “बंदच होतं.”

नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. त्याच क्षणी सुनेच्या हातात खालून एक हात आला. कोरडा, गार, उठायला आधार मागणारा. आपल्या आजीला द्यावा तसा तिने तो दिला. वजन हळूहळू तिच्या मनगटावर आलं, कोपरावर आलं, खांद्याशी आलं... आणि तिथे थांबलं नाही. उभी राहिल्यावर आत्या तिच्यापेक्षा बरीच उंच होती.

सुनेने यादी घडी करून पर्समध्ये टाकली.

“आई, घर रिकामं नाहीये,” ती म्हणाली. “एजंटकाका, यांना दुसरं काहीतरी दाखवा. इथे आम्ही दोघी राहतोय.”