तेरा आठवड्यांची पाहुणी

गाडी आधी खोकली, मग तिला उचकी लागली, आणि मग… काहीच नाही.

कोरीन थिबोडोने पुन्हा किल्ली फिरवली. जानेवारीतला रविवार, भर दुपार. अमेरिकेच्या उत्तर सीमेजवळच्या डुलुथमधल्या एका किराणा दुकानापुढच्या पार्किंगमध्ये ऊन लख्ख पडलं होतं, आणि त्या लख्ख उन्हात शून्याखाली सव्वीस अंश थंडी होती. पार दक्षिणेतल्या लुइझियानाहून तीन दिवस गाडी हाकत ती कालच इथे पोचली होती. जन्मभर दमट, उबदार हवेत वाढलेली ती, आणि तिच्यासारखीच तिची गाडी.

काचेवर टकटक झाली. बाहेर एक उंच माणूस उभा होता. टोपी भुवयांपर्यंत, मफलर नाकापर्यंत. मधल्या फटीत नुसते दोन डोळे… करडे, शांत, पापण्यांवर चक्क बर्फाचे कण.

"वायर कुठे आहे?" त्याने विचारलं.

"कसली वायर?"

"गाडीची. रात्री प्लगला लावायची. इंजिन गोठू नये म्हणून."

"आमच्याकडे फोन लावतात हो प्लगला. गाड्या नाही लावत!"

मफलरच्या वर डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. तो हसत असावा. त्याने आपली गाडी शेजारी आणली, दोन्ही बॅटऱ्या जोडल्या आणि पाच मिनिटांत तिची गाडी सुरू करून दिली.

"उद्या सकाळी पुन्हा बंद पडेल," तो म्हणाला.

"मग उद्या सकाळी पुन्हा या."

हे ती सहज, थट्टेत बोलून गेली. तो मात्र गंभीरपणे विचारात पडला. "उद्या सकाळी… मला काम आहे."

"मलाही आहे," ती म्हणाली, आणि दोघांनी एकमेकांचं नावही न विचारता आपापल्या गाड्या बाहेर काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला कोरीन ऑपरेशन थिएटरमध्ये हात धुऊन, गाऊन चढवून टेबल मांडत होती. हृदयाच्या शस्त्रक्रियांची नर्स, तीही फिरती. ज्या हॉस्पिटलात माणसं कमी पडतील तिथे तेरा आठवडे काम करायचं, की बॅग भरून पुढचं गाव. सहा वर्षांत अकरा हॉस्पिटलं झाली होती. कुठल्या सर्जनला कात्री कशी हातात लागते, कोण कधी चिडतो, कोणाला गाणी लागतात, हे ती दोन दिवसांत टिपायची. घाबरणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"नवीन पाहुणी आली वाटतं," डॉक्टर सोरेनसन आत येत म्हणाले. साठीचे, बारीक, चेहऱ्यावर कायम घाईचे भाव. "नाव नको सांगू, बाई. लक्षात ठेवेपर्यंत तू जायची वेळ होते."

"काही हरकत नाही डॉक्टर. मी तुमचं ठेवते लक्षात. दोघांत एकाने ठेवलं तरी पुरे."

कोपऱ्यातल्या मोठ्या यंत्रामागून कोणीतरी खुदकन हसलं. शस्त्रक्रियेपुरतं हृदय थांबवलं की रोग्याचं रक्त फिरवत ठेवणारं ते यंत्र, आणि ते चालवणारा माणूस. कोरीनने मान वळवली. टोपी भुवयांपर्यंत, मास्क नाकापर्यंत. मधल्या फटीत… दोन करडे डोळे.

"गाडी सुरू झाली?" डोळ्यांनी विचारलं.

"नाही. टॅक्सीने आले. तुम्ही आला नाहीत ना!"

त्याचं नाव आर्वो मॅकी. आजोबा फिनलंडहून आलेले, आणि बोलण्यात काटकसर बहुतेक त्यांच्याकडूनच आलेली. त्याचा पूर्ण चेहरा तिने पाहिला तो गुरुवारी, कँटीनमध्ये. सूप पिताना. नाक जरा वाकडं, हनुवटीवर खळी.

"असे दिसता होय तुम्ही!" समोर बसत ती म्हणाली.

तो चपापला. "म्हणजे… कसा?"

"काही वाईट नाही," तिने त्याच्याच सुरात सांगितलं. कारण चार दिवसांत तिला कळलं होतं की, इथे कुठल्याही गोष्टीची कमाल स्तुती एवढीच. पाच तासांची अवघड शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, तरी "काही वाईट नाही".

"तुमच्या गावात कौतुकावर कर आहे का हो?"

"नाही," आर्वो म्हणाला. मग सूप ढवळत, हळूच, "पण… उगाच उधळायचं कशाला? एकाच माणसासाठी साठवून ठेवावं."

कोरीनने आपला ट्रे सरकवून त्याच्या ट्रेला टेकवला.

मग ते रोज एकत्र जेवायला लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. तिच्या गाडीला त्याने वायर बसवून दिली. तिने त्याला घरी बोलावून गंबो, म्हणजे तिच्याकडचा दाट रस्सा, खाऊ घातला. कोळंबी, सॉसेज, भेंडी आणि तिच्या आजीच्या हिशेबाने मिरपूड घातलेला. पहिल्याच घासाला त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"तिखट आहे?"

"नाही नाही," डोळे पुसत तो म्हणाला. "खिडकी उघडू का जरा?"

बाहेर शून्याखाली एकवीस होतं. ती पोट धरधरून हसली… आणि हसता हसता तिच्या ध्यानात आलं, की आपण जायचे दिवस मोजणं विसरलो आहोत.

सहाव्या आठवड्यात ते प्रकरण घडलं.

रोगी म्हणजे शाळेच्या बसचा एक चालक. तीन बायपास उत्तम झाले. हृदय पुन्हा धडधडायला लागलं. छाती बंद करण्याआधी कोरीनने सुया मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग तिसऱ्यांदा, दुसऱ्या नर्ससोबत मोठ्याने मोजल्या.

"डॉक्टर, एक सुई कमी आहे."

"जमिनीवर पडली असेल. छाती बंद करायच्या तारा दे."

"जमीन पाहिली. टेबल पाहिलं. कचराही पाहिला. एक्स-रे लागेल."

सोरेनसननी पुढे केलेला हात तसाच ठेवला. "तीस वर्षं मी हे करतोय. तुझी मोजणी चुकली, बाई."

"माझी मोजणी चुकत नाही." तिचा आवाज चढला नव्हता, हलला नव्हता. छाती शिवायच्या तारा तिने आपल्या हाताखाली सरकवल्या. "सुई सापडेपर्यंत या तारा मी देणार नाही. माझी तक्रार करायची असेल तर खुशाल करा. पण एक्स-रेनंतर."

दुसऱ्या नर्सने मान खाली घातली. या गावात कोणी कोणाशी असं बोलत नसे, सोरेनसनशी तर नाहीच. तेवढ्यात यंत्रामागून एक संथ आवाज आला.

"माझी काही घाई नाही. रक्ताची नळी अजून आत आहे. यंत्र तयार ठेवतो."

फक्त एवढंच. पण कोरीनला वाटलं, पाठीमागे कोणीतरी भिंत उभी करून दिली.

एक्स-रे आला. हृदयाच्या मागे, सावलीत, कापलेल्या नखाएवढी बारीक पांढरी कोर. सोरेनसन क्षणभर त्या पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हृदय अलगद उचललं. रक्तदाब घसरला. सत्तर… साठ… पन्नास.

"आर्वो!"

"देतोय रक्त." त्याचा हात आधीच यंत्राच्या चाकावर होता. "पंचावन्न. पासष्ट. सावकाश करा, मी धरून आहे."

चिमटा आत गेला आणि बाहेर आला. त्याच्या टोकाला सुई होती. कोरीनने ती वाटीत घेतली, मोजली, आणि मगच तारा पुढे केल्या.

"थँक यू," डॉक्टर सोरेनसन म्हणाले. थांबले. "नाव काय म्हणालीस तुझं?"

"म्हणाले नव्हते. कोरीन."

बाहेर हात धुताना आर्वो शेजारी येऊन उभा राहिला. एकदा धुतलेले हात त्याने पुन्हा साबणाने धुवायला घेतले.

"बोल की. काही वाईट नाही ना?" तिने डिवचलं.

"अप्रतिम होतीस तू," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

त्या दुपारी समुद्राएवढ्या, गोठलेल्या तलावाच्या काठाने चालताना तिने त्याला जे कोणाला सांगत नसे ते सांगितलं. तिचा नवरा समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला होता. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. चार वर्षं ती दाराकडे डोळे लावून बसली. एके दिवशी तो आलाच नाही, दुसरीकडे संसार थाटला होता म्हणे.

"तेव्हा ठरवलं. यापुढे जायचं असेल तर मी जाणार. मागे राहणारी मी नाही."

आर्वोने तिचा हातमोज्यातला हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला. म्हणाला काहीच नाही.

आणि तेच तर दुखणं होतं! दहावा आठवडा गेला, अकरावा गेला. पुढचं काम टक्सनला, वाळवंटातल्या एका हॉस्पिटलात ठरलं. तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "छान. तिथे गाडीला वायर लागणार नाही."

"एवढंच?"

"हे बर्फाचे टायर बदलून घे मात्र."

ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने खरंच टायर बदलून आणले.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ती निघाली. आर्वोचं घर तलावातून बंदरात जहाजं नेणाऱ्या कालव्यापलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर, उचलत्या पुलाच्या पल्याड. सकाळचा नाश्ता त्याच्याकडे झाला. हमरस्त्यापर्यंत सोडतो, परत चालत येईन म्हणून तोच तिची गाडी चालवायला बसला. पुलाशी पोचले तर घंटा वाजायला लागली, दांडा आडवा पडला, आणि अख्खा पूल हळूहळू वर चढला. समोरून, फुटलेल्या बर्फातून वाट काढत, तीन मजली इमारतीएवढं मालवाहू जहाज येत होतं.

"वीस मिनिटं तरी," आर्वो म्हणाला.

"मला घाई नाही."

तो चाक घट्ट धरून समोर बघत होता. "कोरीन… मी तुला अडवणार नव्हतो. मागे राहायचं नाही म्हणालीस. मग थांब म्हणणारा मी कोण? पण आता ही वीस मिनिटं… मला…"

"हं?"

"मी तुझ्यावर…"

जहाजाने भोंगा दिला. एक लांब, दोन आखूड, काचा थरथराव्यात असा. वरून पुलाने त्याला तसंच उत्तर दिलं. आर्वोचे ओठ हलत राहिले.

"ऐकू नाही आलं!" ती ओरडली.

त्याने दीर्घ श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर! जाऊ नकोस! म्हणजे जा, पण परत ये! नाहीतर मी येतो तिकडे, वाळवंटात!"

भोंगा नेमका मधेच थांबला होता. शेजारच्या गाडीतल्या आजीबाईंनी काच खाली केली आणि हसून मान डोलावली.

कोरीन हसत होती, आणि डोळे भरून येत होते. "टक्सनला मी शब्द दिलाय. तिथे माणसं नाहीत, लोकांच्या शस्त्रक्रिया अडतील. तेरा आठवडे मला जायलाच हवं."

"हो. बरोबर आहे," तो पडेल आवाजात म्हणाला.

"जुलैत परत येतेय. इथे कायमची जागा घेतलीय. सोरेनसननी स्वतः शिफारस केली, सोमवारीच सही केली मी."

"सोमवारी?" तो गर्रकन वळला. "आज शनिवार आहे! पाच दिवस तू मला…"

"तू कधी विचारतोस ते बघत होते."

"आणि नसतं विचारलं तर?"

"तरी आले असते. नोकरी काही वाईट नाही." तिने त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं. "पण माझंही प्रेम आहे तुझ्यावर, हे मग तुला बराच उशिरा कळलं असतं… माठ्या!"

जहाज केव्हाच आत गेलं. पूल खाली आला, दांडा वर गेला. पुढचा रस्ता मोकळा झाला, तरी ही गाडी जागची हलेना. डुलुथमध्ये सहसा कोणी हॉर्न वाजवत नाही. मागच्या गाडीवाल्याने बराच वेळ वाट पाहिली आणि मग अगदी हलकेच, माफी मागितल्यासारखा, एकदाच वाजवला. आर्वोने त्याच्याकडे न बघता खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याला पुढे जायची खूण केली.